पोटावरचं ठिगळ

पेटी हातात आली आणि ती कशासाठी आहे हे काजितानीला कळलं, ते तिच्या वजनानं. माफीच्या भेटीला वजन असावं लागतं, हे हिरोशिमातलं शेंबडं पोरही जाणतं. सहज कुणाकडे जायचं तर बिस्किटांचा डबा चालतो. पण आपल्या हातून दुसऱ्याचं काही बिघडलं असेल तर योकानच न्यावा लागतो, लाल दाण्यांच्या गोड पुरणाच्या त्या विटेसारख्या घट्ट वड्या, जांभळ्या कापडात गाठ मारून. घेणाऱ्याचा हात खाली गेला पाहिजे. काजितानीचा गेला. दारात तिसऱ्या मजल्यावरचा मोरिवाकी कमरेत वाकून उभा होता, त्याच्या टाळूवर पातळ झालेले केस दिसत होते, आणि त्याच्या मागे व्हरांड्याच्या कठड्याला टेकून काजितानीचीच रबरी होडी उभी होती. हवा काढलेली, गुंडाळलेली, दोरीनं आवळून बांधलेली. ऑक्टोबरमधल्या रविवारची सकाळ होती. काजितानी नुकताच दात घासून बाहेर आला होता आणि आजचा दिवस आपल्याला बरा जाणार आहे असं त्याला उगीचच वाटत होतं.

"काजितानीसान, फार उशीर झाला हो," मोरिवाकी वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला. "दोन महिने तिकडं कालववाल्यांच्या शेडमध्येच पडून होती. काल जाऊन आणली. गोड्या पाण्यानं तीनदा धुतली, सावलीत वाळवली. तुमच्या इतक्या जपलेल्या वस्तूची मी वाट लावली. कुठल्या तोंडानं माफी मागू?"

"अहो, काय हे! वस्तूचं काय घेऊन बसलात! माणसं सुखरूप आहेत ना," काजितानी म्हणाला. हे वाक्य तोंडात तयारच असतं, त्याला विचार करावा लागत नाही.

आतून त्याची बायको सायो आली, तीही वाकली. "फुमी कशी आहे हो?"

"बरी आहे, बरी आहे. तळहातांच्या जखमा भरल्या. फक्त टबात बसत नाही." मोरिवाकी हसला. आपलं दुःख सांगताना हसायचं, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यावर ओझं पडत नाही. "ऑगस्टपासून उभ्याउभ्याच अंग धुते. थंडी पडली की बसेल. आणि माझ्याशी बोलणं म्हणाल तर 'हो' आणि 'नाही'. जेवताना पूर्वी माझ्या शेजारी बसायची, आता समोर बसते. चूक माझीच ना. उतारावरून होडी ओढत नेली, खाली सगळी कालवांची शिंपलं. तिथंच पोट फाटलं असणार. मी तिला सांगितलंय, बाबाची चूक झाली. पण नुसतं सांगून काय होतं?" मग तो थोडा थांबला. "एक विनंती होती. तुमचा हात कसबी. कुठं फाटलीय ते सापडलं तर मला दाखवाल का? संध्याकाळी फुमीला घेऊन येतो. इथं बाबानं चूक केली, असं बोट ठेवून दाखवलं की पोरीच्या मनातली अढी निघेल असं वाटतं."

"या ना, जरूर या," काजितानी म्हणाला, आणि दार लागल्यावरही पेटी हातातच धरून उभा राहिला, शेवटी सायोनं ती त्याच्याकडून घेतली.

सहा चटया मावतील एवढ्या खोलीतलं बुटकं टेबल त्यानं भिंतीला उभं केलं, उशा कपाटात कोंबल्या आणि होडी पसरली. आठ-नऊ फुटांची करडी होडी फुगत गेली तशी खोली लहान होत गेली. पायाखालचा भाता फसफसत होता. खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू जात असणार, असा विचार त्याच्या मनात आला, आणि मग, त्याच्याही खाली, तिसऱ्या मजल्यावर, जात असेल का, असाही आला. काजितानी दातांच्या कवळ्या करणारा कारागीर होता. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात बसणाऱ्या वस्तू करण्यात गेली होती. केसाएवढी चूक डोळ्याला दिसत नाही पण जिभेला लगेच कळते, आणि माणूस दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर होतो, म्हणून आपल्या हातून चूक जात नाही असा त्याला वाजवी अभिमान होता. भांडी घासायचा साबण पाण्यात फेटून त्यानं जुन्या दाढीच्या ब्रशनं होडीच्या उजव्या काठाच्या फुग्याला फासायला सुरुवात केली. पुढून सुरुवात केली. मागून करायला हवी होती, हे त्याच्या हाताला माहीत होतं, पण हात पुढून गेला, सावकाश, आणि शेवटी मागच्या लाकडी फळीपाशी, जिथं फुगा फळीला जोडलेला असतो त्या शिवणीशी येऊन पोचला. तिथं तान्ह्या मुलाच्या ओठांवर लाळ फेसाळते तसे बारीक बुडबुडे आले. एक बोटभर जागा. अगदी तिथंच, जुलैमध्ये आले होते तिथंच.

जुलैमध्येही त्यानं होडी याच खोलीत फुगवली होती. सकाळी दगडासारखी घट्ट होती, संध्याकाळी अंगठा रुतत होता. गोंदाची बाटलीही तेव्हा घरात होती. पण पावसाळा सरता सरत नव्हता, हवा ओली होती, आणि ओल्या हवेत रबराचा गोंद धरत नाही. वरून चिकटल्यासारखा वाटतो आणि आतून सुटत राहतो. तेव्हा ऑक्टोबरात कोरडी हवा लागली की करायचं, तोवर होडी काढायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. कारागीर म्हणून त्याचं काहीच चुकलं नव्हतं, आणि हेच त्याला आता जास्त टोचत होतं. चुकला तो लिफ्टमध्ये. ऑगस्टचा पहिला शनिवार, अंगाला चिकटणारा उकाडा, मोरिवाकीच्या दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या, शेजारी नऊ वर्षांची फुमी, मजल्यांचे आकडे बघत उभी. मोरिवाकी म्हणाला होता, "काजितानीसान, तुमची होडी एक दिवस मिळेल का हो? हिला सुट्टीचा अभ्यास आहे, खाडीतल्या माशांची चित्रं काढायचीत. नाहीतर पोरगी बाजारातला मासा काढून नेईल, किमतीच्या चिठ्ठीसकट!" आणि काजितानी म्हणाला होता, "कसली होडी आणि कसलं काय! जुनं धूड ते. हवासुद्धा गळते. तुम्हांला द्यायची म्हणजे मलाच लाज वाटायची." मोरिवाकी मोठ्यानं हसला होता. "झालं का तुमचं सुरू! आरशासारखी पुसून ठेवता, आम्हांला काय दिसत नाही?" आणि मग काजितानीही हसला होता, डोकं खाजवत. तेवढ्यात तिसरा मजला आला.

त्या हसण्यापाशी तो दोन महिने परत परत येत होता. जेवायला बोलावून बारा पदार्थ मांडायचे आणि 'खायला काही नाही हो' म्हणायचं. बायकोला अडाणी म्हणायचं, मुलाला ढ म्हणायचं, आपली वस्तू देताना ती टाकाऊ आहे असं सांगायचं. ऐकणाऱ्यानं हसून ते नाकारायचं. यात खोटं कुणीच बोलत नसतं, कारण खरं कुणीच धरत नसतं. या सगळ्या बोलण्यात काजितानीनं एक खरं वाक्य हळूच सोडून दिलं होतं. तेच वाक्य त्यानं गंभीर चेहऱ्यानं म्हटलं असतं तर? तर मोरिवाकीनं लगेच 'छे छे, सहज म्हटलं हो' म्हणून विषय बदलला असता, आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं असतं की काजितानीसानना द्यायची नाहीये. पाचही मजल्यांवर काजितानी चिक्कू ठरला असता. म्हणून त्यानं सांगितलंही आणि सांगितलं नाहीही. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. खोटं कशाला, लिफ्टमधून बाहेर पडताना त्याला स्वतःच्या हुशारीचं किंचित कौतुकसुद्धा वाटलं होतं. आणि आणखी एक होतं. ही होडी त्यानं शुनसाठी घेतली होती, आपल्या मुलासाठी, तो सातवीत असताना. शुन तिच्यात दोनदा बसला. आता तो फुकुओकाला असतो आणि नववर्षाला फोन करतो. इतक्या वर्षांनी तिच्यात एक मूल बसणार याचा काजितानीला आनंद झाला होता. त्यानं पुढच्या शुक्रवारी होडी खाली नेऊन दिली, पंपही बरोबर दिला, "असू द्या, लागला तर," म्हणाला. सकाळी घट्ट, संध्याकाळी मऊ. म्हणजे दुपारपर्यंत काही होत नाही, असा हिशेब त्यानं मनाशी केला होता. त्याच्या हिशेबात ऑगस्टचं ऊन नव्हतं आणि शिवणीवर पडणारं दोन माणसांचं वजनही नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेदहाला, भर खाडीत, उजवा फुगा एकदम बसला. मोरिवाकी सावरायला उठला आणि होडी उलटली. कालवं वाढवायचे बांबूचे तराफे जवळच होते, म्हणून वाचले. मोरिवाकीनं पोरीला तराफ्याच्या दोरीला धरायला लावलं, आणि दोरीवर शिंपलं, सुरीच्या पात्यासारखी. चाळीस मिनिटांनी कालववाल्याची लाँच आली. हे सगळं काजितानीला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही मोरिवाकीकडूनच, वाकून, हसत, तीनदा माफी मागत. 'तुमची होडी...' असं तो म्हणत होता आणि काजितानी 'अहो, अहो' म्हणत होता. तेव्हा बोलायचं होतं. पण समोरचा माफी मागत असताना मध्येच आपली माफी घुसवणं हा उद्धटपणा, असं त्यानं स्वतःला पटवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. काजितानीच्या मनातलं चांदणं पौर्णिमेचं होतं, तरी तो त्यात डोळे मिटून चालत राहिला.

आता त्यानं होडी पालथी घातली आणि पोट तपासायला घेतलं. त्याला एक चीर हवी होती. शिंपल्यानं पडलेली, बोटभर, अर्ध्या बोटाची, काहीही. साबण फासताना तो चक्क मनात प्रार्थना करत होता आणि स्वतःची किळस येऊनही थांबत नव्हता. ओरखडे होते, एक तर चांगला हातभर लांब, पांढरा. त्यावर त्यानं तीनदा साबण लावला, कान टेकवला, ओठ जवळ नेऊन हवा लागते का पाहिलं. रबर जाड होतं, चांगल्या प्रतीचं होतं. त्यानंच निवडून घेतलं होतं. एकही बुडबुडा आला नाही. मोरिवाकीनं काहीही फाडलं नव्हतं. त्याच्या अवजारांच्या डब्यात मेण कोरायचं पातळ पातं होतं, ते त्यानं उचललं. त्या पांढऱ्या रेघेवर टेकवलंसुद्धा. पण चौतीस वर्षं जो हात फटी बुजवत आला, तो फट पाडायला धजेना. पातं त्यानं खाली ठेवलं. आणि मग त्याला सुचलं की कापायची गरजच नाही. ठिगळाच्या खाली काय आहे ते कोण उचकटून बघतं?

त्यानं दोन ठिगळं कापली. दोन्हींचे कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. हवा काढली, शिवणीची जागा आणि पोटावरची ती रेघ, दोन्ही सारख्याच निगुतीनं घासली, पुसली. गोंदाचा पहिला हात दिला. आता दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा हात, पुन्हा दहा मिनिटं, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायचं. या कामात थांबण्याखेरीज दुसरं कसबच नाही. काजितानी गोंदाच्या उग्र वासात मांडी घालून बसला आणि त्याचं मन वकिली करू लागलं. यात कुणाचं काय जातं? मोरिवाकीला बोट ठेवायला जागा हवी आहे, ती मिळेल. त्यानं चूक केव्हाच पदरात घेतली आहे, त्याला फक्त पुरावा हवा आहे. पोरीच्या मनातली अढी जाईल, टबात बसेल, बापाच्या शेजारी जेवायला बसेल. खरं सांगून काय मिळणार? दोन शेजारी लिफ्टमध्ये एकमेकांना टाळतील. पहिला हात वाळला. दुसरा देताना त्याला दिसलं की मुलीला दाखवायचं म्हणजे नेमकं काय करायचं. बापानं आयुष्यभर वाहायचा गुन्हा आपण आज खिळा ठोकून पक्का करणार, तोही त्या बापाच्याच विनंतीवरून. मुलं असलं विसरत नाहीत. शुनला एकदा त्यानं न केलेल्या गोष्टीसाठी फटकावलं होतं, एक चहाचा पेला फुटला होता; तो सायोच्या हातून फुटल्याचं नंतर कळलं तेव्हा काजितानी काही बोलला नव्हता, फक्त संध्याकाळी आइस्क्रीम आणलं होतं. शुननं ते खाल्लं होतं. बापाकडे न बघता, चमचा चाटूनपुसून खाल्लं होतं.

गोंद बोटाला चिकटेनासा झाला. त्यानं दोन्ही ठिगळं बसवली, रूळ फिरवून आतली हवा काढली. पोटावरचं ठिगळ जास्त सुबक बसलं.

सायो चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "दोन?"

"हं."

"जुलैत भोक एकच होतं ना?"

त्यानं ठिगळावर पुन्हा रूळ फिरवला. सायोनं चहा ठेवला, खिडकी उघडली. "वास कोंडलाय नुसता," ती म्हणाली. "योकान कापून ठेवू का? ते लोक येतील. त्यांनी आणलेलं त्यांच्याच पुढं ठेवायचं, पण घरात दुसरं गोड काही नाही." मग जाता जाता, पाठ करूनच, "मी काही बोलत नाही बाई." तिनं बोलण्यापेक्षा हे वाईट होतं.

साडेपाचला ते आले. फुमीनं बूट काढले, टोकं दाराकडे करून नीट जोडून ठेवले, आणि बापापासून दोन हात लांब गुडघ्यांवर बसली. केस कापलेले, बारीक मान. तळहातांवर गुलाबी रेघा होत्या, ती मुठी मिटून बसली होती.

"जवळ ये ना," मोरिवाकी म्हणाला.

"इथूनच दिसतं."

"सापडलं," काजितानी म्हणाला. आवाज ठीक निघाला. "मागची शिवण जरा जुनी झाली होती, ती एकदमच करून टाकली. आणि हे..." त्यानं होडीचं पोट वर केलं.

मोरिवाकीचा चेहरा उजळला. हरवलेलं पाकीट सापडावं तसा तो पुढे सरकला आणि ठिगळावर बोट टेकवलं. "इथं! बघ फुमी, इथं. उतारावर खर्रकन आवाज झाला होता, सांगितलं नव्हतं तुला? बाबाच्या धांदरटपणानं झालं हे." आणि तो मोठा माणूस, बँकेतला हुद्द्यावरचा, आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसमोर चटईवर हात टेकून वाकला. "बाबाची चूक झाली. माफ कर."

फुमीनं ठिगळाकडे पाहिलंच नाही. ती काजितानीकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, दुरावा नव्हता. घोळक्यात आपलं माणूस दिसलं की मूल जसं बघतं, तसं ती बघत होती. काजितानीला ते कळेना. वाकलेल्या मोरिवाकीची टाळू सकाळपासून दुसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याचं नख ठिगळाच्या गोल कोपऱ्याखाली गेलं. गोंद मुरायला एक दिवस लागतो. अजून पाच तासही झाले नव्हते. ठिगळ चरचरत निघालं.

"फुमी, इकडं ये. हात लाव इथं."

ती आली. तिनं मूठ उघडली आणि बोटं फिरवली.

"भोक लागतंय का?"

"नाही."

"नाहीच आहे. बाबांनी काही फाडलं नाही. हवा त्या मागच्या शिवणीतून जात होती. जुलैपासून. मला माहीत होतं."

मोरिवाकीनं मान वर केली. तो हसत होता. "अहो काजितानीसान, आमच्यासाठी कशाला उगाच अंगावर घेता..."

"हे ठिगळ मी आज दुपारी मुद्दाम लावलं. तुम्हांला दाखवायला."

हे मात्र कुठल्याच शिष्टाचारात बसत नव्हतं. मोरिवाकीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ गेला. तो निघालेल्या ठिगळाकडे, मग शिवणीकडे बघत राहिला. "पण," तो सावकाश म्हणाला, आणि तो अजूनही काजितानीलाच सांभाळून घेत होता, "पण तुम्ही तर सांगितलं होतं. लिफ्टमध्ये. हवा गळते म्हणाला होता."

"मी तेच म्हणतेय ना!" फुमीचा आवाज एकदम फाटला. "काकांनी सांगितलं होतं! मी ऐकलं. बाबा हसला. सकाळी निघताना पण मी म्हटलं, तर म्हणाला, मोठी माणसं असंच बोलतात. पाण्यात पण मी म्हटलं, काका खरं बोलले होते, तर म्हणाला, गप्प बस, दोरी धर."

दोन महिने मोरिवाकी भलत्याच जागेवर बोट ठेवून माफी मागत होता. पोरीचा राग शिंपल्यांवरून ओढण्याचा नव्हताच. आणि काजितानीला ते बघणं आता कळलं. सगळ्या मोठ्या माणसांत खरं बोललेला एकटा माणूस म्हणून ती त्याच्याकडे बघत होती. समोर बाप म्हणत होता, तुम्ही सांगितलं होतं. मुलगी म्हणत होती, तुम्ही सांगितलं होतं. दोघांनी मिळून त्याला साफ निर्दोष सोडून दिलं होतं. त्यानं आता नुसतं डोकं खाजवलं असतं तरी भागलं असतं.

"नाही फुमी," तो म्हणाला. "तुझ्या बाबांनी बरोबर ऐकलं. त्यांना ते खरं वाटू नये, म्हणूनच मी तसं बोललो. खरं वाटलं असतं तर त्यांनी होडी नेली नसती, आणि मी द्यायला नको म्हणून बहाणा करतोय असं त्यांना वाटलं असतं. ते मला नको होतं."

फुमी विचार करत होती. तिच्या ओठांची हालचाल होत होती, गणित सोडवताना होते तशी.

"म्हणजे काका, तुम्हांला माहीत होतं, आणि आम्ही गेलो?"

"हो."

ती उठली. मागे न बघता उलटी पावलं टाकत गेली आणि बापाच्या गुडघ्याला पाठ लागली तिथं थांबली. मोरिवाकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. या माणसाचा चेहरा हसू नसताना कसा दिसतो हे काजितानीनं अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

"चाळीस मिनिटं," मोरिवाकी म्हणाला. "चाळीस मिनिटं ही पाण्यात तुमचाच दाखला देत होती. आणि मी हिला दम देत होतो."

काजितानीला वाटलं, आता कपाळ चटईला टेकावं. शरीर वाकायला निघालंही होतं. पण त्याचीही एक रीत आहे, आणि कुणी तसं वाकलं की समोरच्याला 'उठा, उठा' म्हणावंच लागतं. तो ताठ बसून राहिला आणि त्या दोघांना त्यानं आपल्याकडे बघू दिलं.